सावित्रीचें खोरें आणि छऱ्याची बंदूक

महाबळेश्वरास पंचगंगेच्या देवळांत ज्या पांच नद्यांचा उगम मानितात, त्यांपैकीं सावित्री ही एक. ती पश्चिमेची वाट धरते. सह्याद्रीचा कडा उतरून ती पोलादपुरापाशीं येते, महाडास तिला गांधारी भेटते, आणि पुढें बाणकोटच्या खाडीनें ती समुद्रास मिळते. तिच्या कांठचीं महाड व पोलादपूर हीं दोन गांवें मुंबई-गोवा रस्त्यानें जाणाऱ्या बहुतेकांनीं निदान मोटारीच्या खिडकींतून तरी पाहिलेलीं असतात. महाड म्हटलें कीं चवदार तळें आठवतें. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं त्या तळ्याचें पाणी ओंजळींत घेतलें आणि माणुसकीचा हक्क बजावला. गांवाबाहेर गांधारपाल्याचीं बौद्ध लेणीं आहेत, उत्तरेस रायगड आहे. पोलादपुरास 'शिवभारत'कार कवींद्र परमानंदांची समाधि आहे, आणि तेथून जवळच उमरठें येथें नरवीर तानाजी मालुसऱ्यांची समाधि आहे. या स्थळांवर पुष्कळांनीं लिहिलें आहे. आजचा लेख त्यांच्या मधल्या रानाविषयीं, त्या रानाच्या कडेला भात पिकवणाऱ्या कुटुंबांविषयीं, आणि त्यांतील कांहीं घरांत खुंटीवर टांगलेल्या एका वस्तूविषयीं आहे. ती वस्तु म्हणजे छऱ्याची बंदूक.

बायकामुलांनीं एकत्र बसून वाचावयाच्या मासिकांत बंदुकीचें काय काम, असें कोणी विचारील. परंतु या खोऱ्यांत बंदूक ही चैनीची वस्तु नव्हे. कोयता, नांगर, इरलें यांच्याच पंक्तींतली ती आहे. शिवाय तिच्यांत गणित आहे, थोडें पदार्थविज्ञान आहे, आणि शेवटीं शेवटीं तर धर्माधर्माचा विचारहि आहे. तेव्हां वाचकांनीं थोडा धीर धरावा.

पोलादपूर सोडून आंबेनळी घाटानें वर चढूं लागलें म्हणजे दोन्ही अंगांस ऐन, किंजळ, हिरडा, जांभूळ यांचें दाट रान लागतें. परमानंदांनीं जिला 'जयवल्ली' म्हटलें ती जावळी या घाटाच्या वरच्या अंगाची. अफझलखानाचें सैन्य १६५९ सालीं ज्या अरण्यांत सांपडलें, त्याच अरण्याचे हे पदर. उतारावर वरकस जमिनींत नाचणी व वरी, आणि खालीं ओढ्याच्या कडेनें भाताचीं खाचरें, अशी येथील शेती. भात दुधावर आलें कीं रात्रीं रानडुकरें उतरतात आणि दिवसा वानरें येतात. डुकराचें खाणें थोडें, नासणें फार. कळप एकदां खाचरांत शिरला म्हणजे कणसें ओरबाडतो, उभें पीक लोळवतो, आणि किडे-मुळांसाठीं बांधहि उकरून ठेवतो. पायलीचें खातो आणि खंडीचें नासतो.

हा त्रास अलीकडे वाढला असें जो तो सांगतो, आणि त्याचें एक कारण डोळ्यांना दिसतें. घरटी एक-दोन कर्तीं माणसें मुंबईस असतात. वाड्यांतून म्हातारीं माणसें उरतात. कसणारे हात कमी झाले तशीं वरचीं वरकस शेतें पडीक राहिलीं, त्यांवर झुडपें माजलीं, आणि पूर्वीं जें रान गांवापासून कोसभर होतें तें परसाच्या कुंपणाशीं येऊन टेकलें. डुकरांना दिवसा लपावयास याहून सोयीची जागा कोणती?

म्हणून राखण. मचाणावर बसून डबे वाजवणें, आरोळ्या देणें, कुत्रीं सोडणें, आणि ज्याच्याकडे परवाना असेल त्यानें बार काढणें. १९५९ च्या शस्त्र-कायद्यांत पीकसंरक्षणाची स्वतंत्र सोय आहे. शेतकऱ्यास सामान्यतः ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा, आणि तेवढ्यानें काम भागणार नाहीं अशी अधिकाऱ्याची खात्री झाल्यास दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक द्यावी, असा त्याचा आशय. ठासणीच्या बंदुकींत दारू, चिंधी व छर्रे तोंडाकडून भरून गजानें ठासावे लागतात आणि कानाशीं केप बसवावी लागते. काडतुसाच्या बंदुकींत हें सर्व कारखान्यांतच झालेलें असतें.

माझें आजोळ पोलादपुराच्या वरच्या अंगास. घराणें खोतांचें. १९४९ च्या कायद्यानें खोती गेली. मागाहून कूळकायद्यानें जमीन कसणाऱ्यांची झाली, आणि तें न्याय्यच झालें. उरलीं चार खाचरें व एक इंग्रजी बनावटीची दुनळी बंदूक. आमचे तात्यामामा पक्के शाकाहारी. संध्येवांचून पाणी न घेणारे. तरी बंदूक साफ करण्याचें काम त्यांनीं कधीं दुसऱ्यावर सोंपवलें नाहीं. त्यांचे स्नेही एक निवृत्त हवालदार होते. ते महाड तालुक्यांतील फौजी आंबवड्याचे. ज्या गांवांतून पिढ्यान्‌पिढ्या लोक पलटणींत जात आले तें हें गांव. १९७० सालच्या दिवाळींत मी अकरा-बारा वर्षांचा असतांना या दोघांनीं बंदुकीची जी परीक्षा घेतली, ती मला अजून जशीच्या तशी आठवते.

परसापलीकडे मातीची उंच दरड होती. तिच्या पुढें बांबूच्या ताटीवर मामीकडून मागून आणलेल्या खळीनें जुनीं वर्तमानपत्रें चिकटवलीं. मामी म्हणाल्या, "खळ घ्या, पण पंचांगाचीं पानं तेवढीं सोडा." दोरीनें चाळीस वार अंतर मोजलें. हवालदारांनीं उजव्या नळीचा एक बार कागदावर काढला. मग दुसरा कागद लावून डाव्या नळीचा. बार काढल्यावर जेथें छिद्रें सर्वांत दाट तेथें खिळा ठोकून, पंधरा इंच दोरीला कोळसा बांधून, त्यांनीं वर्तुळ काढलें. वर्तुळ आधीं नव्हे, नंतर काढावयाचें. कारण ही परीक्षा नेमबाजाची नसून बंदुकीची असते. मग मला पेन्सिल देऊन छिद्रें मोजावयास बसवलें.

काडतुसें सहा नंबरची होतीं. प्रत्येकांत सुमारें पावणेतीनशें छर्रे. डाव्या नळीचीं छिद्रें वर्तुळांत दोनशेंच्या आसपास भरलीं, उजव्या नळीचीं दीडशेंच्या आंत. बंदूक एक, काडतूस एक, अंतर एक, आणि फरक एवढा! याचें कारण हवालदारांनीं नळीच्या तोंडांत बोट फिरवून दाखवलें. डावी नळी तोंडाशीं आंतून किंचित अरुंद केलेली होती. यास 'चोक' म्हणतात. पूर्ण चोक म्हणजे तरी किती? सुमारें एक मिलिमीटर. झारीचें तोंड निमुळतें केलें म्हणजे धार जशी एकवटते तसे छर्रे एकवटतात. ही युक्ति इंग्लंडांत पेप नांवाच्या कारागिरानें १८६६ सालीं नोंदवली आणि पुढें ग्रीनर यानें ती नांवारूपास आणली. चाळीस वारांवर तीस इंची वर्तुळांत शेकडा सत्तर छर्रे पडले तर नळी पूर्ण चोकची, साठ पडले तर मध्यम, पन्नास पडले तर सौम्य, आणि चाळीसच पडले तर नळी सरळ, असा ठोकळ हिशेब सर्वत्र मानतात.

पण हवालदार तेवढ्यावर थांबले नाहींत. त्यांनीं दुसऱ्या बनावटीचें, पण त्याच नंबरचें काडतूस डाव्या नळींत घातलें. वर्तुळांतली संख्या जवळजवळ तेवढीच भरली. मात्र एका बाजूला ताटलीएवढी जागा कोरी राहिली. "ह्या भोकांतनं आख्खा कोंबडा निघून जाईल," ते म्हणाले. शेवटीं एस-जीचें काडतूस घेतलें. त्यांत मोठाले नऊच छर्रे. वर्तुळांत पांच पडले, आणि तेहि दूर दूर. ते पाहून हवालदारांनीं निवाडा दिला, "तात्या, डुकराला ह्या बंदुकीचीं पंचवीस पावलं. त्याच्या पुढं नुसता आवाज करायचा, जीव घ्यायला जायचं नाहीं."

या निवाड्यांत सगळें शास्त्र आलें. बारा बोअर म्हणजे काय तें प्रथम पाहूं. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यांतील एक ज्या नळींत बरोबर बसते ती बारा बोअरची. तिचा व्यास सुमारें साडेअठरा मिलिमीटर. या नळींतून उडवावयाचें शिसें साधारण औंसभर किंवा थोडें अधिक, म्हणजे तीस-बत्तीस ग्रॅम. तेवढ्याच शिशाचे लहान छर्रे पुष्कळ होतील, मोठे थोडे होतील. इंग्रजी मापानें औंसभर शिशांत सहा नंबरचे सुमारें २७० छर्रे बसतात, चार नंबरचे १७०, बी-बीचे ७०, आणि एस-जीचे अवघे ८. लहान छऱ्यांनीं जाळें दाट विणलें जातें, पण एकेकाचा जोर थोडा आणि तोहि लवकर ओसरणारा. मोठ्या छऱ्यांत जोर आहे, पण जाळ्याचीं भोकें मोठीं. पाखराला जोर कमी लागतो, दाटी जास्त लागते, डुकराला उलट. म्हणून 'सर्वांत उत्तम काडतूस कोणतें' या प्रश्नाला दुकानांत उत्तर मिळत नाहीं. कोणत्या जनावरासाठीं, किती पावलांवर, आणि कोणत्या नळींतून, हीं तीन उत्तरें आधीं द्यावीं लागतात. तिसरें उत्तर तर कागदावर बार काढल्यावांचून कळतच नाहीं.

ठासणीवाल्यांचा एक समज येथें सांगण्यासारखा आहे. बार लांब जावा म्हणून ते दारू वाढवतात. परिणाम उलटा होतो. दारू वाढली कीं वेग वाढतो, धक्का वाढतो, आणि छर्रे अधिक पांगतात. जुने जाणते लोक एकाच मापानें दारू आणि छर्रे मोजीत. नळी फुटण्याचा धोका तर वेगळाच.

या विद्येचा अतिरेक पहावयाचा तर अमेरिकेकडे पाहावें. तेथें टर्की नांवाचा मोठा रानपक्षी आहे. आपल्याकडे हा पाळीव रूपानें पोर्तुगीजांमार्फत आला; म्हणूनच पोर्तुगीज भाषेंतील 'पेरू' हें त्याचें नांव हिंदुस्थानांतहि रुळलें. १६१२ सालीं मुकर्रबखानानें गोव्याहून आणलेला असा एक पक्षी जहांगीर बादशहाच्या दरबारीं पोंचला, आणि उस्ताद मन्सूरनें त्याचें चित्र काढलें. रानटी टर्कीच्या अंगावर पिसांचें व छातीच्या स्नायूंचें जणूं चिलखतच असतें. म्हणून तेथील शिकारी अंगावर नेम धरीत नाहींत, डोकें व मान एवढेंच लक्ष्य धरतात. तेवढ्याशा जागेंत पुष्कळ छर्रे एकदम पडावे यासाठीं अतिशय आवळ चोक वापरतात, आणि चाळीस वारांवर दहा इंची वर्तुळांत निदान शंभर छिद्रें पडेपर्यंत निरनिराळीं काडतुसें तपासून पाहतात. हल्लीं टंग्स्टन धातूचे छर्रे निघाले आहेत. ते शिशाच्या सुमारें दीडपटीहून अधिक जड, त्यामुळें नऊ नंबरसारखे बारीक छर्रेहि लांबवर जोर टिकवतात. हा खटाटोप हौसेचा असला तरी त्याच्या मुळाशीं एक चांगली गोष्ट आहे. अर्धमेला पक्षी झाडींत जाऊन दोन दिवसांनीं मरावा, यापेक्षां नेम न धरलेला बरा, हें तेथें शिकवतात. आणखी एक गोष्ट घेण्यासारखी आहे. १९३७ च्या एका कायद्यानें तेथें लांब बंदुका व काडतुसांवरील कराचा पैसा वन्य प्राण्यांच्या रक्षणाकडे लावला.

परंतु टर्कीच्या शिकारींत एक भय आहे, आणि तें आपल्या खोऱ्याशीं थेट जुळतें. शिकारी झाडाला टेकून, पानांच्या रंगाचे कपडे घालून, मादीचा आवाज काढून नराला बोलावतो. त्या आवाजावर कधीं नर येतो, तर कधीं दुसरा शिकारी येतो. आवाजावर व हालचालीवर बार काढल्यामुळें माणसें जखमी झाल्याचीं, मेल्याचींहि उदाहरणें तेथें घडलीं आहेत. हें वाचतांना संस्कृत शिकलेल्या कोणालाहि शरयूचा तीर आठवेल. वाल्मीकि रामायणांत दशरथ मरणकाळीं कौसल्येस आपलें जुनें पाप सांगतो. अंधारांत घट भरण्याचा आवाज झाला, तो हत्तीचा समजून त्यानें बाण सोडला, आणि मुनिकुमार पडला. दशरथाचा नेम चुकला नव्हता. शब्दवेधाची विद्या त्याला पूर्ण अवगत होती, आणि बाण अचूक लागला म्हणूनच अनर्थ झाला. ज्या रात्रीं भाताच्या खाचरांत सळसळ होते त्या रात्रीं हीच कथा पुन्हां घडावयाची वाट पहात असते. सळसळणारा तो डुक्कर असेल, किंवा पलीकडच्या बांधावरून राखणीला आलेला शेजारी असेल. २०२५ च्या जानेवारींत पालघर जिल्ह्यांत डुकराच्या शिकारीस गेलेल्या मंडळींतील एकाचा सोबत्याच्याच बारानें बळी गेला. जनावर समजून गोळी झाडली होती.

येथें अंतराचा हिशेबहि ध्यानांत ठेवावा. छर्रा जनावर मारण्यास जितक्या अंतरावर उपयोगी, त्याच्या कितीतरी पुढें तो माणसास इजा करूं शकतो. जूर्ने नांवाच्या फ्रेंच सेनाधिकाऱ्याचा एक सोपा ठोकताळा आहे. छऱ्याच्या व्यासाच्या इंचांना २२०० नें गुणिलें म्हणजे तो जास्तींत जास्त किती वार जाईल तें निघतें. सहा नंबरचा छर्रा या हिशेबानें सव्वादोनशें वार जातो, आणि एस-जीचा सातशेंच्याहि वर. आमच्या डोंगराळ मुलखांत समोरच्या उतारावर गवत कापणारी बाई याहून पुष्कळदां जवळ असते. तात्यामामा म्हणूनच मागें दरड नसेल तेथें बार काढीत नसत, आणि अंधारांत तर जनावर डोळ्यांनीं ओळखल्यावांचून घोड्याला बोटच लावीत नसत.

मनूनें राजाच्या कामज व्यसनांत मृगयेला पहिलें स्थान दिलें आहे. शाकुंतलाच्या पहिल्या अंकांत तपस्वी राजाला आश्रमाच्या हरणावर बाण सोडूं देत नाहींत, आणि दुसऱ्या अंकांत सेनापति त्याच मृगयेचे गुण गातो. दोन्ही बाजू आपल्या वाङ्मयांत पूर्वींपासून आहेत. सांप्रत कायद्यानें हा वाद बहुतांशीं मिटवला आहे. १९७२ सालीं वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला. १९९१ च्या दुरुस्तीनें हौसेची शिकार पूर्ण बंद झाली. नव्या अनुसूची १ एप्रिल २०२३ पासून लागू झाल्या, आणि रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचींत गेलें. उभ्या पिकाचा नाश होत असेल तर अधिकृत अधिकाऱ्याच्या लेखी हुकुमानेंच तें मारतां येतें, अन्यथा गुन्हा. बंदुकीचा परवाना हा प्राणी मारण्याचा परवाना नव्हे, हें खेड्यांतील पुष्कळांस अजून नीट ठाऊक नाहीं. कांहीं ठिकाणीं लोक याहून वाईट मार्ग धरतात. तारेचे फासे लावतात, आमिषांत दारू भरून ठेवतात. त्यांत डुक्कर सांपडेल किंवा बिबळ्या सांपडेल, गाय सांपडेल किंवा कुत्रा. आणि जें सांपडेल तें हाल होऊन मरेल. याच्यापुढें कागदावर तपासलेली बंदूक हजार पटींनीं दयाळू म्हणावी लागेल.

२०२४ च्या कार्तिकांत मी आजोळीं चार दिवस राहिलों. तात्यामामा जाऊन बरींच वर्षें झालीं. बंदूक आतां मामेभावाच्या नांवावर आहे. परंतु ती घरीं नव्हती. विधानसभेची निवडणूक २० नोव्हेंबरला होती, आणि आचारसंहितेमुळें ती ठाण्यांत जमा केलेली होती. निवडणुकींत शस्त्रें घरोघर नसावींत हें बरोबरच आहे. पण नेमक्या त्याच आठवड्यांत भात कापणीस आलेलें असतें, आणि डुकरांना आचारसंहिता नसते. मामेभाऊ साठीचा, वहिनींना संधिवात. तरी दोघें आळीपाळीनें रात्रीं खोपींत बसत. पत्र्याचा डबा, विजेरी आणि एक म्हातारा कुत्रा, एवढीच सामग्री. तिसऱ्या रात्रीं खालच्या खाचराची कड गेली. सकाळीं पाहिलें तों दोन-अडीच गुंठे भात चिखलांत लोळलें होतें. वहिनी कांहीं बोलल्या नाहींत. खालीं बसून चिखलांतलीं सडकीं कणसें सोडून धडधाकट तेवढीं वेंचूं लागल्या. मामेभाऊ पंचनाम्याच्या अर्जासाठीं सात-बाराचा उतारा शोधूं लागला.

त्याचा मुलगा सुटीवर मुंबईहून आलेला होता. ही बंदूक आतां सरकारांत देऊन टाकावी, असें त्याचें मत. "कागदपत्रं, नूतनीकरण, ठाण्याच्या खेपा, आणि शेवटीं मारायला परवानगी नाहीं ती नाहींच," असा त्याचा हिशेब. मामेभावाचें म्हणणें वेगळें. आवाजाला तरी जनावर भितें. आणि उद्यां लेखी हुकूम मिळालाच, तर तें काम नवख्या माणसाच्या हातीं जाऊं नये. मुलानें मग विचारलें, "पण कोणतं काडतूस सगळ्यांत चांगलं, हें तरी ठरलं आहे का?" मामेभावानें माळ्यावरून एक पत्र्याची पेटी काढली. तींत बंदुकीचीं कागदपत्रें होतीं, आणि तळाशीं एक घडी घातलेला पिवळा कागद होता. त्यावर मामांच्या अक्षरांत तीन ओळी होत्या. डावी नळी, उजवी नळी, आणि डुकरासाठीं पंचवीस पावलें. मुलगा तो कागद बराच वेळ वाचीत राहिला. बंदूक ठेवावी कीं द्यावी याचा निर्णय त्या दिवशीं झाला नाहीं.

निघण्याच्या दिवशीं पहांटे परसामागच्या झाडींतून रानकोंबडा आरवला. आपल्या घाटांतला हा करड्या रंगाचा, मानेवर पिवळसर ठिपक्यांच्या पिसांचा कोंबडा. त्या पिसांसाठीं इंग्रज मासेमारांच्या गळांना एकेकाळीं याचा मोठा संहार झाला. त्याची बांग गांवठी कोंबड्यासारखी लांबत नाहीं; मध्येंच तोडल्यासारखी होते. मुलगा खिडकीशीं जाऊन म्हणाला, "बाबा, अगदीं कुंपणावर आहे. पंचवीस पावलांच्या आंत."

मामेभाऊ चुलीपुढें शेकत बसला होता. तो म्हणाला, "असूं दे. त्यानं आपलं काय खाल्लंय? वाळवी वेंचतोय तो."